गणंग

मारागुआच्या बाजारात, मंगळवारी, सकाळी साडेनऊला
जप्त केलेला ऐवज असा:
वाल, काळा, पांढऱ्या चोचीचा, वजन अडीच किलो, पिशवीसकट.
मापाचा पत्र्याचा डबा एक, तळाशी पोचा.
राख मूठभर. कीड लागू नये म्हणून,
हे तिनं सांगितलं, मी लिहिलं नाही.

किबेसाहेबांनी विचारलं, हे धान्य की बियाणं?

प्रश्न साधा नव्हता.
धान्य कुणीही विकावं. बियाणं विकायचं
तर नोंदणी हवी, शिक्का हवा, आणि वाण असा
की एका दाण्यासारखा दुसरा,
यंदासारखा पुढच्या वर्षी.

न्दुता म्हातारी म्हणाली, मला काय विचारता?
घेणारीला विचारा.
चुलीकडं वळली तर धान्य,
शेताकडं वळली तर बियाणं.
मी आपली डबा भरते.

बाजार हसला. साहेब नाही हसले.
समोरच्या दुकानात, जिथून तक्रार आली होती,
गुलाबी औषध चोळलेल्या बियांची पाकिटं माळेसारखी टांगलेली,
पाठीवर बारीक अक्षरात: पुन्हा पेरण्यास मनाई.
बारीक अक्षरं मी वाचतो.
पगार त्याचाच मिळतो.

रकाना चौथा. पैदासकाराचं नाव.
लिही, म्हणाली, माझी सासू.
सासूला तिच्या जावेनं दिला,
जावेला कुण्या बाळंतिणीनं, टोपल्यात उरलेला.
मधे गोरा अधिकारी आला, हा उपटा म्हणाला,
आमच्या बोटीवर चढेल तो घेवडा लावा.
तेव्हा केळीच्या आडोशाला सात वेल राखले,
कुणी राखले ते नाव मला सांगितलं होतं,
थांब, आठवते...

रकाना दीड इंचाचा होता.
मी लिहिलं, अज्ञात.

मग तिनं माझ्याकडं नीट पाहिलं.
मुकामीचा ना रे तू? तुझ्या वेळी तिला दूध उतरेना.
महिनाभर हाच वाल रांधून घातला मी.
पंचांनी मान खाली घातली.
मी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

प्रयोगशाळेत शंभर दाणे ओल्या कागदावर मांडले.
नाही उगवले तर ते धान्य, आणि म्हातारी सुटली.
उगवले तर गुन्हा शाबीत.
कायदा इतका सरळ मी पूर्वी पाहिला नव्हता.
रोज दुपारी काचेपाशी जाऊन उभा राही
आणि बी कुजावं म्हणून मनात म्हणे,
शेतकऱ्याच्या पोटी जन्मून.

अकेयोनं आठव्या दिवशी चिमट्यानं मोजले.
तिच्या भाषेत तिच्या नावाचा अर्थ सुगीत जन्मलेली.
चौऱ्याण्णव, ती म्हणाली, आणि हळू आवाजात:
पाकिटावर पंच्याऐंशीची हमी असते.

चौऱ्याण्णव कोंबांनी साक्ष दिली.
ते मागच्या अंगणात जाळले, तशी नोंद केली.
ओले होते, धूर फार झाला.
उरले सहा. त्यांच्यापुढं छापील शब्द होता: मृत.

दंड भरायला न्दुता आली ती सुटी नाणी घेऊन,
पाच-सहा बायकांच्या पदरची, कोथिंबिरीचा वास असलेली.
मोजायला मला अर्धा तास लागला.
तोवर तिनं बशीतले सहा दाणे पाहिले,
एक उचलून दाताखाली धरला, फोडला नाही.

मेले कुठं? गणंग आहेत हे.
शिजवले तर शिजत नाहीत, भिजवले तर भिजत नाहीत.
प्रत्येक घाण्यात असतात असे पाच-सहा.
त्यांना एका पावसाचं खरं वाटत नाही.

तुमचं यंत्र काय म्हणतं?
मृत, मी म्हणालो.
बरं, ती म्हणाली. मेल्याला पावती लागत नसेल.

पावती फाडली, सही घेतली, अंगठा घेतला.
ती जिना उतरून गेली, वाटेत कुणाशी बोलली नाही,
तोंड मिटलेलं.

बशीत पाच दाणे होते.
मी पुन्हा मोजले नाहीत.